मिठाईच्या दुकानात न मिळणारे सण

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस चकल्या-करंज्यांची पाकिटं दुकानांत रचलेली असतात. गणपतीत उकडीचे मोदक नगावर मिळतात, होळीला पुरणपोळीच्या पाट्या झळकतात. पण आषाढ अमावस्येला कणकेचे दिवे विकत घ्यायला निघा, किंवा नागपंचमीला दिंडं. बहुतेक गावांत हात हलवत परत यावं लागेल. कारण साधं आहे: हे पदार्थ टिकत नाहीत. वाफेवरून उतरले की तासाभरात तूप घालून खायचे, नाहीतर वरची पारी वातड होते. शिवाय मागणी वर्षातून एकच दिवस. हलवायाला त्यात परवडण्यासारखं काही नाही. त्यामुळे मोठ्या सणांचा स्वयंपाक हळूहळू विकत आणण्यावर गेला, आणि छोट्या सणांचा एकतर घरातच उरला किंवा पार बंद पडला. मधली वाट त्याला मिळालीच नाही.

छोटा सण म्हणजे ज्याची ऑफिसला सुट्टी नसते, पाहुणे येणार नसतात आणि शाळेतून पोरं नेहमीच्याच वेळेला घरी येतात. अशा दिवशी डावं-उजवं वाढून पूर्ण ताट भरायचा हट्ट धरला की सण बुडालाच म्हणून समजा. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या सणाला त्याचा एकच पदार्थ करावा, तो नीट करावा आणि बाकी रोजचं वरण-भात-भाजी असू द्यावं. जुन्या घरांतही मधल्या वाराला पडलेल्या सणाला बहुतेक हेच होत असे.

सुरुवात आषाढ अमावस्येपासून करू, कारण तिथून श्रावण लागतो आणि छोट्या सणांची रीघ सुरू होते. शहरात या दिवसाची ओळख आता गटारी म्हणून जास्त आहे. पण घरातले समया, निरांजनं, लामणदिवे चिंचेने घासून पाटावर मांडायचे आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा, हा या दिवसाचा खरा कार्यक्रम. या अमावस्येनंतर पाचव्या दिवशी नागपंचमी येते. 2023 साली मात्र मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे दिवे 17 जुलैला झाले आणि नागपंचमी थेट 21 ऑगस्टला. एरवी हे दोन्ही सण एकाच आठवड्यात येतात आणि दोन्हींचे पदार्थ उकडायचे असतात, त्यामुळे वाफेची तयारी एकदाच नीट समजून घेतली की दोन्ही सण निभतात.

मोदकपात्र असलं तर उत्तम, नाहीतर मोठं पातेलं, त्यावर बसणारी चाळणी आणि घट्ट झाकण एवढं पुरतं. कुकर वापरायचा तर शिट्टी काढून. पाणी तळाशी चार-पाच सेंटीमीटर, चाळणीला न टेकणारं. ते खळाखळा उकळायला लागल्यावरच पदार्थ आत ठेवायचे. ही शिस्त अनेक जण मोडतात आणि मग दिवे चिकट का झाले म्हणून कणकेला दोष देतात. थंड पाण्यावर ठेवलेल्या दिव्यांवर सुरुवातीची वाफ पाणी होऊन बसते, त्या पाण्यात गूळ विरघळतो आणि वर चिकट साय धरते. तीच गत झाकणावरून ठिबकणाऱ्या थेंबांनी होते. म्हणून झाकणाला आतून सुती फडकं बांधायचं आणि त्याची टोकं वर गाठ मारून ठेवायची, नाहीतर ती आचेत येतात. पहिली दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मध्ये पाणी कमी पडलं तर उकळतं पाणीच घालायचं.

आता दिवे. 250 ग्रॅम कणीक, 125 ग्रॅम गूळ, 90 मिली पाणी, दोन चमचे पातळ तूप, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ किंवा वेलचीपूड. एवढ्यात मध्यम आकाराचे बारा दिवे होतात. गूळ किसून गरम पाण्यात विरघळवायचा, उकळायचा नाही, आणि गाळून घ्यायचा. चांगल्या गुळातही उसाची काडी नाहीतर वाळूचे कण निघतात. कणकेला तूप चोळून घेतलं की पाक पूर्ण गार झाल्यावर थोडा थोडा घालत घट्ट मळायचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: गुळाची कणीक मळताना कोरडी वाटते आणि वीस मिनिटांनी आपोआप सैल पडते. मळतानाच पुरीच्या कणकेइतकी केली तर झाकून ठेवल्यावर ती पोळीच्या कणकेइतकी मऊ होणार आणि त्या कणकेचा दिवा वाफेत बसणार, म्हणजे काठ खाली येऊन त्याची चपटी टिकली होणार. म्हणून पाकातला शेवटचा चमचा-दोन चमचे मागे ठेवायचा, आणि मुरल्यावर खरंच हवा असेल तरच घालायचा.

दिवा वळताना गोळा तळहातावर घेऊन मध्ये अंगठा दाबायचा आणि फिरवत फिरवत वाटी करायची. भिंत सगळीकडे सारखी, साधारण अर्धा सेंटीमीटर. बूड जाड राहिलं तर आत कच्चं राहतं. काठाला भेगा पडत असतील तर हात पाण्यात नाही, तुपात बुडवायचा. एका बाजूला चिमटा काढून वातीची चोच करायची. चाळणीला तूप लावून दिवे एकमेकांना न टेकवता मांडायचे आणि मध्यम-मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं उकडायचे. झाले की रंग गडद होतो, अंगावर चकाकी येते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. आच बंद करून पाच मिनिटं तसेच ठेवून मग काढायचे. पूजेला लावायचे त्या दिव्यांत तूपवात. खायच्या दिव्यांत नुसतं तूप, आणि तेही कंजुषी न करता, कारण उकडलेल्या कणकेला तुपाशिवाय चव नाही. बाजरीच्या किंवा नाचणीच्या पिठाचेही दिवे करतात. मात्र त्या पिठांना चिकटपणा नसल्यामुळे निम्मी कणीक तरी मिसळावी, नाहीतर वळतानाच तडे जातात.

नागपंचमीचा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो: या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी स्वयंपाकाच्या दृष्टीने हा नियम मजेशीर आहे. सुरी, तवा, कढई या तिन्ही गोष्टी काढून घेतल्यावर हातात काय उरतं, तर पातेलं आणि वाफ. देशावर त्यातून पुरणाची दिंडं निघाली, कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. ज्यांना नियम काटेकोर पाळायचा आहे त्यांनी गूळ आदल्या रात्री चिरून आणि नारळ खवून ठेवावा.

दिंडाला पुरण पोळीपेक्षा कोरडं लागतं. सगळा खेळ इथेच आहे. 200 ग्रॅम हरभरा डाळ दोन तास भिजवून, पाव चमचा हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला चार शिट्ट्या. डाळ बोटाने सहज चुरडली पाहिजे, पण लगदा व्हायला नको. मग ती चाळणीत पूर्ण निथळायची, निदान पंधरा मिनिटं. खाली जमा होणारा कट टाकायचा नाही, त्याची आमटी होते. डाळीत 180 ग्रॅम गूळ घालून मध्यम आचेवर सतत ढवळत आटवायचं. गूळ पडला की आधी सगळं सैल होतं, घाबरायचं कारण नाही. पुरणात उलथणं उभं रोवलं आणि ते न पडता उभं राहिलं की झालं. दिंडासाठी त्यानंतरही दोन-तीन मिनिटं आणखी द्यायची. पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, वेलची-जायफळ घालायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम पुरण भरलं तर त्याची वाफ पारीला आतून ओली करते, आणि दिंड नेमकं घडीवर फुटतं.

पारीसाठी 250 ग्रॅम कणीक, चिमूट मीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. पंधरा सारखे गोळे करून दहा-बारा सेंटीमीटरची पुरी लाटायची, मध्ये जरा जाड आणि कडेला पातळ, कारण घडीवर चार पदर एकावर एक येणार. मध्यभागी लाडवाएवढं पुरण चपटं करून ठेवायचं, समोरासमोरच्या दोन कडा आत घ्यायच्या, मग उरलेल्या दोन. चौकोनी पुडी झाली. शेवटच्या कडेला पाण्याचं बोट फिरवून दाबायचं आणि घडीची बाजू खाली करून चाळणीवर ठेवायची. चाळणीवर हळदीचं, केळीचं किंवा कर्दळीचं पान असेल तर चिकटण्याचा प्रश्नच मिटतो. बारा ते पंधरा मिनिटांत दिंडं होतात. मधोमध फोडून तुपाची धार सोडायची. काही घरांत वरून गार दूध घालतात, तेही चांगलं लागतं. उरलेलं दिंड दुसऱ्या दिवशी काप करून तुपावर दोन्ही बाजूंनी खरपूस परतावं. नागपंचमी संपलेली असते, तवा आता चालतो. खरं सांगायचं तर ताज्या दिंडापेक्षा ही शिळी परतलेली कापं आवडणारी माणसं जास्त आहेत.

पातोळ्यांची गोष्ट पानाशी बांधलेली आहे. हळदीचं पान पावसाळ्यातच जोमात असतं आणि थंडीत सुकून जातं. म्हणून हा पदार्थ श्रावण-भाद्रपदातच होतो. गोव्यात हिंदू घरांत नागपंचमीला पातोळ्या होतात आणि ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टला, मारिया मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. पान तेच, पाऊस तोच. शहरात पान मिळत नाही अशी तक्रार असते. तिच्यावर उपाय कुंडी हा आहे. बाजारातून ओल्या हळदीचं डोळे फुटलेलं कांड आणून मे महिन्यात मोठ्या कुंडीत दोन इंच खोल लावलं, तर ऑगस्टपर्यंत पातोळीजोगी पानं हाताशी येतात. बाल्कनीत अर्धी सावली असली तरी चालतं. परदेशात राहणाऱ्यांना तर हाच खात्रीचा मार्ग. केळीच्या पानात पातोळी होते, पण तिला तो वास येत नाही, आणि वास गेला की पातोळीत खास असं काही उरत नाही.

दहा-बारा पानांसाठी 200 ग्रॅम तांदळाचं पीठ, त्यात मीठ आणि जवळजवळ तेवढंच पाणी. पीठ बोटाने पसरेल इतकं सैल हवं आणि पान तिरकं धरलं तर ओघळणार नाही इतकं दाट. तांदूळ चार तास भिजवून वाटले तर पातोळी जास्त मऊ होते, मात्र वाटताना पाणी जपून. आत भरायला एका नारळाचं खोबरं आणि 120 ग्रॅम गूळ मंद आचेवर एकजीव करायचा, वेलची घालायची. सारण ओलसर हवं, पण रस सुटलेला नको. फार आटवलं तर गार झाल्यावर खडा होतो. पान धुऊन पुसून गुळगुळीत बाजू वर ठेवायची, ओल्या बोटांनी पिठाचा पातळ थर द्यायचा, मधल्या शिरेच्या एका बाजूला सारणाची रेघ घालायची आणि पान शिरेवर लांबीत दुमडायचं. थर जाड झाला की पातोळी चामट होते. बिघडलेल्या पातोळ्यांपैकी बहुतेक याच कारणाने बिघडलेल्या असतात. पान लांब असेल तर चिरायच्या ऐवजी टोक दुमडायचं. बारा मिनिटं वाफ पुरते. पान सोलायची घाई करू नये, गरम असताना पीठ पानाला धरून राहतं. कोमट झाली की पान अलगद सुटतं आणि शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली राहते.

नारळी पौर्णिमेच्या भाताबद्दल एकच गोष्ट नीट समजून घेतली तरी पुरे: गुळात भात शिजत नाही. साखर-गुळाच्या पाकात तांदळाच्या दाण्याला हवं तेवढं पाणी ओढता येत नाही, त्यामुळे तांदूळ अर्धवट शिजलेला असताना गूळ पडला तर दाणा तिथेच थांबतो, मग तासभर वाफ दिली तरी टचटचीत. म्हणून भात आधी पूर्ण शिजलेला, पण मोकळा हवा. 200 ग्रॅम तांदूळ धुऊन अर्धा तास निथळायचा, दोन चमचे तुपात चार लवंगा टाकून त्यावर परतायचा आणि तांदळाच्या पावणेदोन पट आधणाचं पाणी घालून शिजवायचा. परातीत पसरून गार करायचा. मग जाड बुडाच्या पातेल्यात 180 ग्रॅम किसलेला गूळ, 100 ग्रॅम ओलं खोबरं आणि भात हलक्या हाताने मिसळून मंद आचेवर ठेवायचं, खाली तवा सरकवायचा. पाच मिनिटांत सगळं पाणीदार होतं. ढवळत बसलं तर दाणे मोडतात, त्यामुळे पातेलं दोन-तीनदा नुसतं हलवायचं. पंधरा-वीस मिनिटांत रस आटतो. किंचित ओलसर असतानाच उतरवायचा, कारण गार होताना तो आणखी आवळतो. आंबेमोहोर घेतला तर वास सुरेख, पण भात गोळा होण्याचा धोका जास्त. नवखा हात असेल तर बासमती बरा.

ऋषिपंचमी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते आणि मोदकांच्या धामधुमीत तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. माझ्या मते सगळ्या छोट्या सणांत शहाणा स्वयंपाक या दिवसाचा आहे. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य, डाळ नाही. परसातलं, कुंपणावरचं, आपोआप उगवलेलं चालतं. त्यातून ऋषीची भाजी झाली: भाजीचं अळू, लाल माठ त्याच्या जाड देठांसह, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, कच्चं केळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओले शेंगदाणे, चवळीच्या शेंगा, अंबाडी किंवा आंबट चुका. मुंबई-ठाण्याच्या बाजारांत आदल्या दिवशी या सगळ्याचे तयार वाटे लावलेले असतात. तोच घ्यावा, प्रत्येक भाजी वेगळी घ्यायला गेलं तर चार माणसांच्या घरात आठवडाभर भाजी पुरते.

फोडणी नाही, मसाला नाही, तेल नाही. हिरवी मिरची, मीठ, चिंच आणि शेवटी ओलं खोबरं. एवढ्या कमी सामानात भाजी चवदार व्हायची तर क्रम सांभाळावा लागतो. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून आधी सुरण, कणसाचे तुकडे, शेंगदाणे आणि माठाची देठं. झाकणावर पाणी ठेवून दहा मिनिटं. मग केळं, चवळीच्या शेंगा, भेंडी, आणि चिंचेचा कोळ याच टप्प्याला. पाच मिनिटांनी भोपळा, पडवळ, शिराळं. सगळ्यात शेवटी पाला, तो बसला की दहा मिनिटांत भाजी तयार. भोपळा पहिल्यांदा टाकला तर त्याचं पिठलं होतं आणि बाकी भाज्या त्यात हरवतात. मीठ पाला बसल्यावरच घालावं. आधीच्या ढिगाकडे पाहून घातलं तर भाजी नक्की खारट होणार, कारण ती शिजून निम्मी होते.

अळू आणि सुरण घशाला खाजतात ते त्यांच्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिंच किंवा चुका घालायचा तो फक्त चवीसाठी नाही, आंबटपणाने ही खाज बऱ्यापैकी आटोक्यात येते. तरी अर्धकच्चं अळू चिंचेनेही सुधारत नाही, त्यामुळे ते पुरतं शिजवायचंच. चिरताना हाताला तेल चोळावं. भाजीचं अळू हिरव्या देठाचं, वडीचं काळपट देठाचं. वाट्यात चुकून वडीचं आलं असेल तर देठं सोलून घ्यायची आणि चिंच जरा जास्त. सोबत वरीचा भात. वर ताज्या लोण्याचा गोळा काही जण घेतात, काही जण गाईबैलांचं नको म्हणून तोही टाळतात.

कोजागिरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिटरभर म्हशीचं दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवा, साखर बेताची घाला, आणि बाजारचा दूध मसाला आणण्याऐवजी बदाम, पिस्ते, वेलची, जायफळ घरीच भरड कुटा. पूड अगदी बारीक असली तर दूध पिठूळ लागतं. बस.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या घरांत वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा होतो. चातुर्मासात वांगी, कांदा, लसूण सोडलेली माणसं या दिवशी तिन्ही गोष्टी एकाच ताटात परत घेतात, आणि तोवर बाजारात थंडीची वांगीही भरात आलेली असतात. भरताचं वांगं हातात घेऊन पाहावं: आकाराच्या मानाने हलकं ते चांगलं, जड वांग्यात बिया जास्त. जळगावकडची पोपटी-पांढुरकी वांगी मिळाली तर भाग्यच. तिकडे ती तुराट्यांच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजायचं तर तेलाचा हात लावून, चार ठिकाणी टोचून, देठाकडचा भाग आचेवर जास्त वेळ ठेवायचा. तोच कच्चा राहतो आणि भरतात कडक गाठी देतो. भाजलेलं वांगं दहा मिनिटं झाकून मग सोलावं आणि चाळणीत ठेवून त्याचं काळसर पाणी जाऊ द्यावं. नळाखाली धुऊन साल काढणाऱ्यांनी भरीत करूच नये, धुराचा सगळा वास मोरीत जातो.

भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी. न खाई भोगी तो सदा रोगी असं म्हणत आपण दरवर्षी ही भाजी करतो आणि दरवर्षी तिच्यात मसाला जास्त घालतो. या भाजीचं कौतुक ओल्या दाण्यांचं आहे: सोलाणे, पावटे, मटार, ओल्या तुरीचे दाणे, सोबत घेवडा, गाजर, छोटी वांगी, चार-पाच बोरं आणि उसाचे दोन-चार करवे. चार माणसांना सगळं मिळून 750 ग्रॅम पुरतं. तेलात जिरं-हिंगाची फोडणी, आधी दाणे परतायचे, मग गाजर-घेवडा, शेवटी वांगी. दीड चमचा गोडा मसाला, तीन मोठे चमचे भाजलेल्या तिळाचं कूट, तेवढंच दाण्याचं कूट, थोडी चिंच, थोडा गूळ. तीळ मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंतच. लाल झाले की कूट कडवट. कूट शेवटच्या पाच मिनिटांत घालायचं, आधी घातलं तर रस दाटतो, बुडाला लागतो आणि वरचे पावटे कच्चे राहतात.

तिळाची बाजरीची भाकरी हा या दिवसाचा खरा कस. बाजरीच्या पिठाला स्निग्धांश जास्त, दळल्यावर तो लवकर खवट होतो आणि पीठ कडू लागतं. म्हणून भोगीचं पीठ आठवड्याभरातलं हवं, महिनाभर डब्यात पडलेलं नको. गव्हासारखा चिकटपणा यात नाही, त्यामुळे कडक गरम पाण्याने उकड दिल्यासारखं भिजवायचं आणि एका भाकरीपुरतंच पीठ घेऊन तळहाताच्या जोराने दोन-तीन मिनिटं मळायचं. थापताना कडा फाटायला लागल्या तर मळणं कमी पडलं. भाकरी पाऊण थापून झाली की वर तीळ पसरून ओल्या हाताने दाबत उरलेली थापायची. तव्यावर टाकताना तिळाची बाजू खाली जाते, पिठाची वर येते, त्या बाजूला लगेच पाणी फिरवायचं. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. सुकली की भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजून झाल्यावर तिळाची बाजू थेट आचेवर धरायची, तेव्हा न दाबलेले तीळ बर्नरवर गळून जळतात आणि घरभर धूर होतो. तेवढं सोडलं तर भाकरी टम्म फुगते.

रथसप्तमीला गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालायचं, फ्लॅटमध्ये ते जमत नाही. गॅसवर उतू घातलं तर बर्नर घासायला अर्धा तास जातो. छोट्या पातेल्याखाली परात ठेवून विजेच्या शेगडीवर, गॅलरीत, पूर्वेकडे तोंड करून करता येतं, आणि उरलेल्या दुधात शेवयांची खीर होते.

चैत्रगौरीच्या महिन्यात, म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत, सोयीच्या कुठल्याही दिवशी आंबेडाळ आणि पन्हं करता येतं. मधल्या वारी ऑफिस करणाऱ्यांसाठी याहून सोयीचा सण नाही. एक वाटी हरभरा डाळ चार तास भिजवायची, त्यापेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात ती लगेच आंबूस होते. पूर्ण निथळून, पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटायची. मिक्सर सलग फिरवला की पेस्ट होते आणि कच्च्या डाळीचा वास येतो. दोन-दोन सेकंदांचे झटके देत मधे चमच्याने खालीवर करायचं. अर्धी वाटी किसलेली कैरी, पाव वाटी ओलं खोबरं, चमचाभर साखर, मीठ, कोथिंबीर. मोहरी, हिंग, हळद, सुकी मिरची यांची फोडणी करून ती गार झाल्यावर घालायची, गरम फोडणीने डाळ खालून शिजते आणि गोळे होतात. कैरी किती आंबट निघेल सांगता येत नाही, म्हणून आधी निम्मीच मिसळून चव पाहावी. पन्ह्याला उकडलेल्या कैरीच्या गराच्या दीडपट गूळ, मीठ, वेलची, केशर. हा गर काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, हवा तेव्हा चौपट गार पाणी घालायचं. डाळ मात्र राहत नाही. रात्री उरलीच तर तेलावर परतून, झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या आणि सकाळी डब्यात पोळीबरोबर द्यायची.